सखाराम गणेश पंडितांचा दावा

(अनिवासी भारतीयांच्या पालकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



या सभागृहात बसलेल्यांपैकी कोणाचा मुलगा न्यू जर्सीत आहे, कोणाची मुलगी टेक्सासमध्ये, कोणाची नातवंडे कॅलिफोर्नियातील शाळेत जातात. कधीतरी अशा घरांत दूरध्वनी येतो आणि पलीकडून वाक्य ऐकू येते, ‘‘बाबा, पुढच्या आठवड्यात आमची शपथ आहे.’’ यावर काय बोलावे हे बापाला सुचत नाही. अभिनंदन करावे की गप्प राहावे? आई मात्र सरळ विचारते, ‘‘म्हणजे आता तू इथला राहिला नाहीस का रे?’’ मग मुलगा घाईघाईने म्हणतो, ‘‘अगं, ती एक औपचारिकता असते.’’

त्या ‘औपचारिकता’ या शब्दाशी माझे भांडण आहे. तेवढे एक भांडण नीट मांडता यावे म्हणून मी आज आपल्यासमोर उभा आहे.

भारताचे नागरिकत्व सोडणाऱ्यांचे आकडे परराष्ट्र मंत्रालय संसदेत देत असते. २०२२ या एका वर्षात २ लाख २५ हजार ६२० जणांनी ते सोडले. २०२३ मध्ये २ लाख १६ हजार २१९ जणांनी. हे सगळेच अमेरिकेत गेलेले नाहीत; पण आपल्या मध्यमवर्गीय घरांचा विचार केला तर अमेरिकेचे उदाहरण पुरेसे बोलके आहे. हे आकडे छापून आले की दोन प्रकारची पत्रे वर्तमानपत्रांकडे येतात. एकात ‘पळपुटे’ हा शब्द असतो, दुसऱ्यात ‘इथे राहिले आहे काय?’ हा प्रश्न असतो. तीस वर्षे वृत्तपत्रात काढल्यामुळे दोन्ही पत्रांचा मजकूर मला आता पाठ झाला आहे. नागरिकत्व म्हणजे नेमके काय घेतले जाते आणि काय दिले जाते, याचा विचार दोहोंपैकी एकातही नसतो.

आधी घडते काय ते पाहू. नोकरीसाठी गेलेल्या माणसाला प्रथम कायम वास्तव्याचा परवाना, म्हणजे ग्रीन कार्ड मिळवावे लागते. नोकरीच्या आधारावर दर वर्षी साधारण १ लाख ४० हजार ग्रीन कार्डे देण्याची तरतूद आहे, आणि कोणत्याही एका देशात जन्मलेल्यांना त्यांतील सात टक्क्यांहून अधिक सहसा मिळत नाहीत. भारतातून जाणाऱ्यांची संख्या मोठी, त्यामुळे रांग वर्षानुवर्षे सरकत नाही. ते कार्ड हाती आल्यावर पाच वर्षे, आणि अमेरिकी नागरिकाशी विवाह झालेला असेल तर तीन वर्षे थांबायचे. मग ‘एन-४००’ नावाचा अर्ज. बोटांचे ठसे, मुलाखत, इंग्रजी वाचनलेखन आणि त्या देशाचा इतिहास व राज्यव्यवस्था यांवरील तोंडी परीक्षा. पूर्वी दहा प्रश्नांपैकी सहा बरोबर आले की भागत असे. २० ऑक्टोबर २०२५ पासून अर्ज करणाऱ्यांसाठी वीस प्रश्न आणि बारा बरोबर उत्तरे अशी अट आली. आपल्या मुलांना परीक्षेचे भय नाही. ती जन्मल्यापासून परीक्षाच देत आली आहेत.

शेवटी शपथ. त्या दिवशी ग्रीन कार्ड परत घेतात आणि नागरिकत्वाचे प्रमाणपत्र हाती देतात. त्या प्रमाणपत्राच्या आधारे पारपत्रासाठी, आपल्या रोजच्या भाषेत पासपोर्टसाठी, वेगळा अर्ज करावा लागतो. म्हणजे पासपोर्ट हे शेवटचे पान; करार आधीच्या पानावर झालेला असतो.

त्या करारातील शब्द काय आहेत? आजवर ज्या परकीय राजाचा, सत्ताधीशाचा वा राज्याचा मी प्रजाजन किंवा नागरिक होतो, त्याच्यावरील निष्ठेचा मी संपूर्ण त्याग करतो. अमेरिकेच्या राज्यघटनेचे आणि कायद्यांचे बाहेरच्या व आतल्या सर्व शत्रूंपासून रक्षण करीन. कायद्याने आवश्यक ठरल्यास त्या देशासाठी शस्त्र हाती घेईन. आणि हे सारे मी मनात कोणताही आडपडदा न ठेवता, स्वेच्छेने करीत आहे. आता मला सांगा, मनात आडपडदा नाही असे उजवा हात वर करून म्हणायचे आणि घरी येऊन आईला सांगायचे की ती औपचारिकता होती, हे कसे जुळते? हरिश्चंद्राची गोष्ट सांगत मुलांना वाढवणारे आपण. शब्द दिला तर तो पाळायचा, एवढे तरी आपण त्यांना दिले असेल अशी माझी समजूत आहे.

हा शब्द मिळवण्यासाठी आपल्याच माणसांनी तिथे काय सोसले, हे आज फार थोड्यांना ठाऊक आहे. त्यासाठी शंभर वर्षे मागे जावे लागेल.

अमेरिकेच्या १७९० च्या कायद्यानुसार नागरिकत्व घेण्याचा अधिकार फक्त ‘मुक्त गौरवर्णीय’ परकीयांना होता. यादवी युद्धानंतर, १८७० मध्ये, आफ्रिकी वंशाच्या लोकांना त्यात स्थान मिळाले. मधल्या साऱ्या आशियाचे काय, हे प्रत्येक न्यायालय आपापल्या मगदुराप्रमाणे ठरवीत असे. मुंबईचे पारशी गृहस्थ भिकाजी बलसारा यांना न्यूयॉर्कच्या अपील न्यायालयाने १९१० मध्ये ‘गोरे’ मानले. काही भारतीयांना नागरिकत्व मिळत गेले, काहींना नाकारले गेले. त्यावरचा अंतिम निकाल भगतसिंग थिंद यांच्या खटल्यात लागला.

थिंद अमृतसरजवळच्या खेड्यातले शीख तरुण. १९१३ मध्ये अमेरिकेत गेले, ऑरेगॉनच्या लाकूड गिरण्यांत राबले, पहिल्या महायुद्धात अमेरिकी सैन्यात दाखल झाले. डिसेंबर १९१८ मध्ये अंगावर सैनिकी गणवेश असताना त्यांना नागरिकत्व मिळाले आणि चारच दिवसांत ते काढून घेण्यात आले. त्यांनी पुन्हा अर्ज केला, १९२० मध्ये पुन्हा मिळाले. सरकारने त्याविरुद्ध अपील केले आणि १९ फेब्रुवारी १९२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने एकमताने थिंद यांच्या विरोधात निकाल दिला.

या निकालात आपल्यासाठी बरेच काही दडलेले आहे. तीनच महिन्यांपूर्वी त्याच न्यायालयाने ताकाओ ओझावा या जपानी गृहस्थाला सांगितले होते की, गोरा म्हणजे कॉकेशियन वंशाचा, आणि तू तो नाहीस. थिंद यांचे वकील म्हणाले, ठीक आहे, वंशशास्त्रज्ञांच्या मते उत्तर भारतातील उच्चजातीय हिंदू आर्य आहेत, म्हणजे कॉकेशियन आहेत, म्हणजे गोरे आहेत. त्यावर न्यायालयाने उलट सांगितले की शास्त्रज्ञ काय म्हणतात त्याला महत्त्व नाही, रस्त्यावरचा सामान्य माणूस कोणाला गोरा म्हणतो ते पाहायचे. दोन्ही निकाल लिहिणारे न्यायमूर्ती एकच, जॉर्ज सदरलँड. ते स्वतः इंग्लंडमध्ये जन्मलेले होते. पण सदरलँड यांच्या गोरेपणाचा पुरावा कोणी मागितला नव्हता.

थिंद यांच्या बाजूने केलेला युक्तिवाद आज वाचताना मान खाली जाते. उच्चजातीय हिंदू हा आपल्या देशातील आदिवासींकडे, अमेरिकी गोरा कृष्णवर्णीयांकडे पाहतो त्याच नजरेने पाहतो, असे त्यात म्हटले होते. परक्या दारात प्रवेश मिळावा म्हणून आपल्याच बांधवांना खालच्या पायरीवर ढकलायचे, आणि त्यासाठी युरोपीय पंडितांनी रचलेल्या आर्यवंशाच्या कल्पनेचा आधार घ्यायचा! ती शिडी न्यायालयाने एका वाक्यात काढून घेतली. गंमत अशी की, थिंद शीख, पण निकालपत्रात ते ‘उच्चजातीय हिंदू’ आहेत. १९३० च्या अमेरिकी जनगणनेत ‘हिंदू’ ही वंशाच्या रकान्यातील एक नोंद होती. हिंदुस्थानातून आलेला कोणीही, जात आणि पंथ कोणताही असो, तिथे त्याच एका नावाने मोजला जात असे. आपण घरात कितीही भिंती बांधल्या तरी बाहेरच्याला एकच घर दिसते.

या निकालानंतर ज्या भारतीयांना आधीच नागरिकत्व मिळाले होते, त्यांच्याकडून ते काढून घेण्यास सरकारने सुरुवात केली. पेशावरचे वैष्णो दास बगई १९१५ मध्ये पत्नी कला आणि तीन मुलांसह सॅन फ्रान्सिस्कोत आले होते. गदर चळवळीविषयी त्यांना आस्था होती. बर्कलीमध्ये त्यांनी घर घेतले, तर शेजाऱ्यांनी त्यांना आत पाऊल टाकू नये म्हणून घराला कुलपे घातली. तरीही ते खचले नाहीत. दुकान चालवले, १९२१ मध्ये नागरिक झाले. निकालानंतर नागरिकत्व गेले, आणि नागरिकत्वास अपात्र व्यक्तीला कॅलिफोर्नियात स्थावर बाळगता येत नसल्याने मालमत्ताही गेली. हिंदुस्थानात आप्तांना भेटायला जावे म्हटले तर अमेरिकी पासपोर्ट नाकारला. ब्रिटिशांचा घ्या असे सुचवण्यात आले. ज्या साम्राज्याचे प्रजाजन म्हणवून घ्यायचे नाही म्हणून हा माणूस समुद्र ओलांडून गेला होता, त्याच साम्राज्याचा कागद खिशात घेऊन मायदेशी परतायचे! मार्च १९२८ मध्ये त्यांनी आपले जीवन संपवले. मागे ठेवलेले त्यांचे पत्र तिथल्या वर्तमानपत्राने छापले. कलाबाईंनी मुलांना वाढवले, शिकवले, आणि पुढे कायदा बदलल्यावर त्या नागरिक झाल्या. ज्या बर्कलीत त्यांना उंबरा ओलांडू दिला नव्हता, तिथल्या एका रस्त्याला आता त्यांचे नाव आहे.

आणि आता ज्यांच्यासाठी हा सारा इतिहास मी उकरून काढला, त्या सखाराम गणेश पंडितांकडे येतो. जन्म अहमदाबादचा, नाव मराठी वळणाचे. केवळ नावावरून त्यांना आपल्या पंक्तीत ओढण्याचा मोह मी आवरतो. १९१४ मध्ये लॉस एंजेलिसच्या न्यायालयाने त्यांना नागरिकत्व दिले. त्या आधारावर ते वकील झाले, अमेरिकी स्त्रीशी विवाह केला, घर घेतले. थिंद यांच्या वकिलांमध्ये तेही होते. तो खटला हरल्यावर सरकारने या वकिलावरच दावा लावला.

पंडितांनी काय केले ते पाहा. ‘मी गोरा आहे’ यावर त्यांनी आपली बाजू उभी केली नाही. ती वाट बंद झाली होती. ते म्हणाले, नऊ वर्षांपूर्वी सक्षम न्यायालयाने, माझी सगळी माहिती समोर असताना, मला नागरिक ठरवले. सरकारला तेव्हा आक्षेप घेण्याची, अपील करण्याची पूर्ण संधी होती. सरकार गप्प बसले. त्या निर्णयावर विसंबून मी माझा व्यवसाय, माझे घर, माझा संसार उभारला. नागरिकत्वास अपात्र पुरुषाशी विवाह केलेल्या अमेरिकी स्त्रीचे नागरिकत्व त्या काळच्या कायद्याने जात असे. म्हणजे माझ्याबरोबर माझी पत्नीही, तिच्या जन्मभूमीत, देशहीन होईल. मी माझ्या बाजूने शब्द पाळला आहे. आता सरकारने आपला शब्द पाळावा.

न्यायालयाने ते मान्य केले. १९२६ मध्ये अपील न्यायालयाने निकाल कायम केला आणि १९२७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सरकारची याचिका ऐकण्यास नकार दिला. त्यानंतर इतर भारतीयांवरील उरलेले दावेही सरकारने सोडून दिले. बगई यांच्यापर्यंत या विजयाची फळे वेळेत पोहोचली नाहीत.

मला हा दावा थोर वाटतो तो यासाठी. नागरिकत्व हा दोन पक्षांमधला विश्वासाचा व्यवहार आहे, हे या माणसाने बलाढ्य सरकारला सुनावले. आणि तो सुनावू शकला, कारण त्याच्या बाजूला खोट नव्हती. शपथेला औपचारिकता समजणाऱ्याला असा दावा कोणत्या तोंडाने करता आला असता?

नव्या लोकांसाठी दार उघडायला मात्र १९४६ उजाडावे लागले. जे. जे. सिंग यांच्यासारख्यांनी वॉशिंग्टनमध्ये वर्षानुवर्षे खटपट केली, आणि २ जुलै १९४६ रोजी राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी भारतीयांना नागरिकत्वाचा अधिकार देणाऱ्या कायद्यावर स्वाक्षरी केली. वार्षिक प्रवेशाचा कोटा किती? शंभर! पण वर्ष लक्षात घ्या. हिंदुस्थान स्वतंत्र होणार हे जगाला दिसू लागले होते. गुलाम देशाच्या माणसाची आणि उद्याच्या स्वतंत्र राष्ट्राच्या माणसाची परक्या दारातली किंमत निराळी असते. गणितात डॉक्टरेट मिळवूनही शेतीत राबावे लागलेले दलीपसिंग सौंद १९४९ मध्ये नागरिक झाले आणि १९५६ मध्ये अमेरिकी संसदेवर निवडून गेले. थिंद यांनाही, माजी सैनिकांसाठी झालेल्या १९३५ च्या कायद्यामुळे, पुढच्या वर्षी तिसऱ्यांदा नागरिकत्व मिळाले आणि ते टिकले. १९६५ च्या कायद्याने देशनिहाय जुनी बंधने उठली, आणि आपल्या मुलांच्या वाटेची सुरुवात तिथून झाली.

आता आपल्या बाजूचा कायदा. भारतीय राज्यघटनेचा अनुच्छेद ९ आणि १९५५ च्या नागरिकत्व कायद्याचे कलम ९ सांगते की, स्वेच्छेने परकीय नागरिकत्व घेतले की भारताचे नागरिकत्व आपोआप संपते. त्यासाठी वेगळा राजीनामा लागत नाही. पासपोर्ट मात्र परत करावा लागतो आणि तसा दाखला घ्यावा लागतो. काही मंडळी जुना भारतीय पासपोर्ट कपाटात ठेवून देतात, ‘असू दे, कधी उपयोगी पडेल’ म्हणून. उपयोग करणे दूरच, तो बाळगणेही बेकायदेशीर आहे. दोन्ही देशांशी एकाच वेळी अप्रामाणिक राहण्याचा याहून सोपा मार्ग मला माहीत नाही.

‘ओसीआय’ कार्डाबाबतही गैरसमज फार आहेत. लक्ष्मीमल्ल सिंघवी यांच्या समितीने दुहेरी नागरिकत्वाची शिफारस केली, वाजपेयी सरकारच्या काळात कायद्यात दुरुस्ती झाली, २००६ मध्ये पहिली कार्डे दिली गेली. नावात नागरिक हा शब्द असला तरी हे नागरिकत्व नव्हे. आजीवन व्हिसा मिळतो, पोलिसांकडे नोंदणी करावी लागत नाही, घर घेता येते. मतदान करता येत नाही, घटनात्मक पद भूषवता येत नाही, शेतजमीन विकत घेता येत नाही. २०२१ च्या अधिसूचनेनंतर पत्रकारितेसाठी किंवा धर्मप्रचारासाठी विशेष परवानगी लागते. मतदानाचा हक्क नसणे मला योग्य वाटते. ज्याने दुसऱ्या घटनेचे रक्षण करण्याची शपथ घेतली आहे, त्याने आमच्या पंतप्रधानाची निवड का करावी? देवकी आणि यशोदा या दोन मातांचा दृष्टान्त अशा वेळी हमखास दिला जातो. तो सुंदर आहे; फक्त गोकुळातल्या बाळकृष्णाने यशोदेचे लोणी औपचारिकता म्हणून खाल्ले नव्हते, एवढे ध्यानात ठेवावे.

पालकांच्या वाट्याला येणारे एक काम आहे. मुलगा अर्जासाठी जुने दाखले मागतो, आणि आपल्याकडच्या दाखल्यांची तऱ्हा आपल्याला ठाऊक आहे. गुरुजींनी शाळेत घालताना अर्ध्या गावाचा जन्म एक जूनला केला. मुलीचे माहेरचे नाव, सासरचे नाव, मध्ये एकदा वडिलांचे, एकदा नवऱ्याचे. दाखल्यांत फरक असेल तर तो उघडपणे सांगावा, प्रतिज्ञापत्र करावे. ‘जुळवून घेऊ’ म्हणून नवा दाखला तयार करून घेऊ नये. १९६७ च्या अफ्रॉयिम खटल्यापासून अमेरिकेत नागरिकाचे नागरिकत्व त्याच्या संमतीवाचून हिरावता येत नाही, हे तत्त्व प्रस्थापित झाले. पण ते मुळात लबाडीने किंवा महत्त्वाची गोष्ट लपवून मिळवले असेल, तर आजही रद्द होऊ शकते. नागरिकत्व मिळण्यात जिचा वाटा नव्हता अशा खोट्या विधानावरून ते काढता येणार नाही, असे २०१७ च्या मास्लेनियाक निकालाने सांगितले. त्यामुळे थोडा दिलासा मिळाला, खोटेपणाला परवाना मिळालेला नाही.

आणि एक आपल्यापुरते. एकवीस वर्षांवरील नागरिक आपल्या आईवडिलांसाठी ग्रीन कार्डाचा अर्ज करू शकतो, आणि त्याला वार्षिक संख्येची मर्यादा नाही. म्हणून मुलगा शपथ घेऊन आला की लगेच म्हणतो, ‘‘आता तुमचेही करून टाकू.’’ ‘करून टाकू’ म्हणजे काय ते आधी विचारा. ते कार्ड तिथे राहणाऱ्यासाठी आहे. वर्षातले दहा महिने पुण्यात काढायचे आणि उन्हाळ्यात नातवंडांना भेटायला जायचे, असा बेत असेल तर पर्यटकाचा व्हिसा पुरेसा आहे. सलग वर्षभर बाहेर राहिलात तर तिथले वास्तव्य सोडले असे धरले जाऊ शकते, आणि विमानतळावरचा अधिकारी ते विचारतोच. गावाकडची शेतजमीन ओसीआय झालेल्या मुलाला विकत घेता येत नसली तरी वारसाहक्काने मिळू शकते. तेव्हा सातबारावरील नोंदी आणि मृत्युपत्र आपल्या हयातीत नीट करून ठेवा. आपले प्रश्न चिठ्ठ्यांवर लिहून पुढे द्यावेत, म्हणजे कॅनडा आणि ऑस्ट्रेलियाविषयीचे एकत्र घेता येतील.